प्राथमिक शिक्षक-प्रशिक्षणाची निवड करताना उमेदवाराच्या धर्मश्रद्धेकडे कसे पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राथमिक शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी नेमलेल्या निवड समितीवर आपण प्रथमच काम करीत आहात. एका उमेदवाराने अर्जात लिहिले होते की, गेली चार वर्षे तो आपल्या प्रार्थनास्थळात दर आठवड्याला लहान मुलांना धर्मग्रंथाचे पाठ देतो. मुलाखतीत समितीच्या एका सदस्यांनी त्याला विचारले, "सजीवांच्या उत्पत्तीबद्दल तुमचा धर्मग्रंथ सांगतो ते खरे, की विज्ञानाचे पुस्तक सांगते ते?" उमेदवार काही क्षण थांबला आणि म्हणाला, "माझी श्रद्धा माझ्याजवळ राहील. पुस्तकात आहे ते मी शिकवीन." त्याच्या गुणपत्रकावर "ताठर वाटतो, सर्व मुलांना सामावून घेईल का, शंका" असा शेरा पडला आणि थोड्या गुणांनी त्याची निवड हुकली. आपल्याला हे खटकले, तर दुसऱ्या सदस्यांना ते मुलांच्या हिताचे वाटले. अशा वेळी काय विचारावे, काय विचारू नये आणि झाल्या प्रकाराचे आता काय करावे, हे आपण जाणू इच्छिता.

वीसहून अधिक वर्षे मी अशा समित्यांवर काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की या उमेदवारावर अन्याय झाला आहे. प्रश्न चुकीचा होताच, पण खरे पाणी मुरले आहे ते शेऱ्याच्या रकान्यात. प्रश्न सर्वांच्या कानावर पडतो आणि त्याला हरकत घेता येते. शेरा मात्र एकट्याने, घाईत आणि उमेदवाराच्या माघारी लिहिला जातो, आणि पुढे अनेक वर्षे त्या कागदावर तोच पुरावा म्हणून राहतो.

"ताठर वाटतो" हे निरीक्षण नव्हे. निरीक्षण म्हणजे उमेदवार काय बोलला आणि त्याने काय केले, याची नोंद. उमेदवाराचे शब्द होते, "पुस्तकात आहे ते मी शिकवीन." शिक्षकाकडून ज्या तयारीची अपेक्षा असते, तीच त्याने त्या एका वाक्यात दाखवली होती. मग ताठरपणा दिसला कुठे? बहुधा त्या काही क्षणांच्या थांबण्यात. परंतु आपल्या श्रद्धेला चारचौघांसमोर, आणि तेही आपले भवितव्य ज्यांच्या हाती आहे अशा माणसांसमोर, खोटे ठरवायला सांगितले तर कोणीही सच्चा माणूस थांबेल. जो न थांबता हवे ते उत्तर देऊन मोकळा झाला असता, त्याला आपण लवचीक म्हटले असते का, आणि तसे म्हणणे योग्य ठरले असते का, याचा समितीने विचार करायला हवा होता.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. ज्याने चार वर्षे दर आठवड्याला लहान मुलांसमोर उभे राहून काही शिकवले आहे, त्याच्या त्या अनुभवाबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. मुले किती वयाची होती, एका वेळी किती असत, ज्याचे पाठांतर होत नाही त्या मुलाचे तो काय करीत असे, कंटाळलेल्या मुलाला परत कसे वळवून आणी, एखाद्याने अवघड प्रश्न विचारला तर काय सांगे, पालकांशी बोलणे कसे होई, हे सारे विचारता आले असते. हाच उमेदवार मुलांचे खेळाचे किंवा चित्रकलेचे वर्ग घेत असता तर समितीने हे प्रश्न नक्की विचारले असते आणि त्या उत्तरांना गुणही दिले असते. धर्मग्रंथाचे पाठ म्हटल्याबरोबर मुलांबरोबर घालवलेले ते शेकडो तास सगळ्यांच्या नजरेआड झाले आणि उरला तो फक्त धर्म. भेदभाव बहुतेक वेळा असाच होतो. कोणाच्या मनात आकस नसतो; एका उमेदवाराच्या जमेच्या गोष्टी फक्त मोजायच्या राहून जातात.

यामागचे मूलतत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात स्पष्ट आहे. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील अठरावे कलम श्रद्धा बाळगणे आणि ती आचरणात प्रकट करणे यांत फरक करते. प्रकट करण्यावर कायद्याने, विशिष्ट कारणांसाठी आणि आवश्यक तेवढीच बंधने घालता येतात. श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य मात्र कोणत्याही जबरदस्तीपासून मुक्त असले पाहिजे. त्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९६६ रोजी, युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस पॅरिसमध्ये स्वीकारली गेली. शिक्षक दिनाची आंतरराष्ट्रीय तारीख तिच्यावरूनच आली. त्या शिफारशीत केवळ शिक्षकांची नेमणूक नव्हे, तर त्यांची तयारी, म्हणजेच प्रशिक्षणही, धर्मासह कोणत्याही कारणावरील भेदभावापासून मुक्त असावे असे म्हटले आहे. श्रम संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारातही नोकरी व व्यवसाय या संज्ञेत व्यावसायिक प्रशिक्षणातील प्रवेशाचा समावेश केलेला आहे. तेव्हा "आम्ही नोकरी देत नाही, फक्त प्रशिक्षणाला घेतो, त्यामुळे एवढी काटेकोर कसोटी आम्हाला लागू नाही," हा युक्तिवाद टिकणारा नाही.

याच कराराची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. कामाच्या स्वरूपातूनच उद्भवणाऱ्या अटींवर आधारलेला फरक हा भेदभाव ठरत नाही, असे तो सांगतो. म्हणून समितीपुढचा खरा प्रश्न असा असतो की, प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा अविभाज्य भाग कोणता, आणि तो करायला हा उमेदवार तयार आहे का. "तुम्ही काय मानता?" हा प्रश्न यात बसत नाही. "वर्गात तुम्ही काय कराल?" हा बसतो. या दोन प्रश्नांतील अंतर सांभाळता आले तर समितीपुढच्या बहुतेक अडचणी सुटतात, असा माझा अनुभव आहे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत मला फार उपयोगी वाटतात, आणि नव्या सदस्यांशी बोलताना मी ते एकत्रच सांगते. पहिला २००१ चा आहे. ट्रिनिटी वेस्टर्न युनिव्हर्सिटी या ख्रिस्ती संस्थेत विद्यार्थ्यांना एका आचारसंहितेवर सही करावी लागे आणि त्या संहितेत समलिंगी संबंध निषिद्ध मानलेले होते. एवढ्यावरून ब्रिटिश कोलंबियातील शिक्षकांच्या नियामक मंडळाने संस्थेच्या शिक्षक-प्रशिक्षणाला पूर्ण मान्यता नाकारली. न्यायालयाने मंडळाचा निर्णय फिरवला. तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी वर्गात कोणाशी भेदभाव केल्याचा काहीही पुरावा मंडळापुढे नव्हता, हे त्यामागचे मुख्य कारण होते. श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य हे त्या श्रद्धेप्रमाणे वागण्याच्या स्वातंत्र्याहून व्यापक असते, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा निकाल १९९६ चा, न्यू ब्रन्सविक प्रांतातील एका शिक्षकाचा. हा शिक्षक शाळेबाहेर वर्षानुवर्षे ज्यूंविरुद्ध जाहीर लेखन करीत होता. वर्गात त्याने तसे काही शिकवल्याचा थेट पुरावा नव्हता, तरीही त्याच्या जाहीर लेखनामुळे शाळेतील वातावरण कलुषित झाले हा निष्कर्ष न्यायालयाने वाजवी मानला आणि त्याला वर्गातून दूर करणे योग्य ठरवले.

हे दोन निकाल परस्परविरोधी वाटू शकतात, पण तसे ते नाहीत. एका प्रकरणात श्रद्धेवरून वर्तनाचा नुसता अंदाज बांधला गेला होता. दुसऱ्यात एका समाजाच्या मुलांना हीन लेखणारे जाहीर आणि दीर्घकाळचे वर्तनच समोर होते. त्यामुळे उमेदवाराने एखाद्या समाजाविषयी जाहीरपणे द्वेषाचे लेखन केले असेल तर समितीने त्याकडे कानाडोळा करू नये, मग ते धर्माच्या नावाने केलेले असो वा धर्माच्या विरोधात. मात्र तो अमुक धर्माचा किंवा अमुक पंथाचा आहे, म्हणून तो अमुक मुलांशी वाईट वागेल, असे अनुमान काढण्याचा अधिकार समितीला नाही. इंग्लंडमधील शिक्षकांसाठीची मानकेही अशाच शब्दांत लिहिलेली आहेत. शिक्षकाच्या वैयक्तिक श्रद्धा मुलांच्या कोवळेपणाचा गैरफायदा घेतील अशा रीतीने व्यक्त होऊ नयेत, असे ती सांगतात. त्या श्रद्धा असू नयेत, असे ती कुठेही म्हणत नाहीत.

आता प्राथमिक शाळेचे वेगळेपण. आपल्या सहकाऱ्यांची चिंता मी उडवून लावणार नाही, कारण तिला आधार आहे. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकापुढे सजीवांच्या उत्पत्तीचा विषय कदाचित कधीच येणार नाही. प्राथमिक शिक्षक मात्र एकाच वर्गाला भाषा, विज्ञान, इतिहास, गाणे, चित्रकला आणि खेळ असे सगळे शिकवतो, दिवसभर त्याच मुलांबरोबर असतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला शिक्षकाचे मत आणि जगाचे सत्य यांतला फरक कळत नसतो. या वयाचे महत्त्व न्यायालयांनीही मानले आहे. जिनिव्हातील एका प्राथमिक शिक्षिकेच्या शिरोवस्त्राच्या प्रकरणात २००१ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडच्या बंदीत हस्तक्षेप केला नाही, आणि त्यात तिच्या वर्गातील मुले चार ते आठ वर्षांची होती या गोष्टीला बरेच वजन दिले. पण हा निकाल वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. एखाद्या राष्ट्राने कायद्याने असे बंधन घातले तर ते मानवी हक्कांच्या करारात बसू शकते, एवढेच तो सांगतो. असे बंधन जिथे कायद्याने घातलेले नाही, तिथे मुलाखतीच्या खोलीत बसलेल्या तीन माणसांनी ते आपल्या मनाने घालावे, असे तो सांगत नाही. जर्मनीत हाच मुद्दा ठळकपणे पुढे आला. बाडेन-व्युर्टेमबर्गमधील एका उमेदवार शिक्षिकेला प्रशिक्षण पूर्ण करू दिले गेले, पण शिरोवस्त्रामुळे पुढे नोकरी नाकारली गेली. पुरेसा स्पष्ट कायदा नसताना असा नकार देता येणार नाही, असे तेथील घटनात्मक न्यायालयाने २००३ साली ठरवले. पुढे २०१५ साली त्याच न्यायालयाने, शाळेच्या शांततेला केवळ काल्पनिक धोका आहे म्हणून सरसकट बंदी घालणे घटनेशी विसंगत ठरवले.

प्रशिक्षणाची निवड करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मनात धरायला हवी. आपल्यापुढे तयार शिक्षक येत नाही. शिकायला आलेला माणूस येतो. त्याला अजून काय येत नाही आणि तो काय करणारच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांच्या श्रद्धांबद्दल कसे बोलावे हे त्याला आज जमत नसेल, तर ते शिकवण्यासाठीच प्रशिक्षण असते. धार्मिक घरातून आलेला उमेदवार या बाबतीत जितका कच्चा असतो, तितकाच कच्चा, ज्याने कधी कोणत्याही धर्माच्या माणसाशी जवळून संबंध ठेवला नाही तो उमेदवारही असतो. पहिल्याच्या कच्चेपणाला आपण धोका म्हणतो आणि दुसऱ्याच्या कच्चेपणाला अननुभव. माझ्या मते समित्यांच्या हातून सर्वांत जास्त अन्याय इथे होतो.

हे मी कसे शिकले ते सांगते. एका निवड प्रक्रियेत उमेदवारांना लहान मुलांच्या गटाबरोबर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. विषय सर्वांना एकच होता, बी कसे रुजते. एक उमेदवार, जिच्या वेशावरून तिची धर्मनिष्ठा सहज कळत होती, भिजवलेल्या वालाच्या बिया बशीत घेऊन आली होती. मुले बियांची साल सोलून आतला कोंब पाहत असताना एक मुलगा म्हणाला, "माझी आजी म्हणते, देव रात्री येऊन बी फोडतो." पाठ सुरू होण्यापूर्वी समितीतील एका सदस्यांनी नेमकी अशाच प्रसंगाची भीती व्यक्त केली होती. ती उमेदवार त्या मुलाजवळ खाली बसली आणि म्हणाली, "तुझ्या घरी असं मानतात, हो ना? आजीनं आणखी काय सांगितलंय ते मला मधल्या सुट्टीत सांग. आता मात्र आपण एक बी ओल्या कापसात ठेवू आणि एक कोरड्या. उद्या कोणतं फुटलं ते बघू आणि जे दिसेल ते वहीत काढू." मुलाने कोरडा कापूस स्वतःच्या हाताने बशीत ठेवला. त्याच दिवशी दुसऱ्या एका उमेदवाराने आपण कोणताही धर्म मानत नाही असे मुलाखतीत आपणहून सांगितले होते आणि समितीला ते आश्वासक वाटले होते. त्याच्या पाठात एका मुलीने जवळपास तेच वाक्य उच्चारले. तो हसला आणि म्हणाला, "असं काही नसतं बरं का." इतर मुलेही हसली. त्या मुलीने पुढच्या पंधरा मिनिटांत एकदाही हात वर केला नाही.

विज्ञान दोघांनीही अचूक शिकवले होते. फरक होता तो मुलाला वर्गात जागा देण्याचा, आणि त्याचा उमेदवाराच्या श्रद्धेशी किंवा अश्रद्धेशी काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्या उमेदवारालाही आम्ही नाकारले नाही, कारण ते हसणे शिकवून सुधारण्यासारखे होते, आणि ते त्याने पुढे सुधारलेही.

म्हणून मुलाखतीत प्रश्न प्रसंगाचा असावा, तो सर्वांना त्याच शब्दांत विचारावा, आणि कोणत्या उत्तराला किती गुण हे मुलाखतीपूर्वीच लिहून ठेवावे. "विज्ञानाच्या तासाला एक मूल म्हणते की, माझ्या घरी सांगतात त्यापेक्षा हे वेगळे आहे. तुम्ही काय कराल?" असा प्रश्न श्रद्धावान आणि नास्तिक दोघांनाही सारखाच अवघड जातो. अभ्यासक्रमातील आशय जसाच्या तसा मुलापर्यंत पोहोचतो का, मुलाचा आणि त्याच्या घराचा मान राखला जातो का, आणि उमेदवार स्वतःचे मत मुलावर लादतो का, एवढ्या तीन गोष्टी उत्तरात पाहाव्यात. "तुम्ही तटस्थ राहाल का?" हा प्रश्न तर विचारूच नये, त्याला सगळेच हो म्हणतात आणि त्यातून काहीही कळत नाही. "तुमच्या धर्मात स्त्रियांबद्दल काय सांगितले आहे?" यासारखे, उमेदवाराला साऱ्या धर्माचा वकील बनवणारे प्रश्नही टाळावेत. मुली आणि मुले यांना सारखी संधी देण्याबद्दल जाणून घ्यायचे असेल तर तेही प्रसंग देऊन आणि सर्वांना विचारावे.

कधीकधी उमेदवार आपणहून सांगतो की, अमुक एक गोष्ट मी धर्मामुळे करणार नाही. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही, पण प्रश्न टाळूही नये. ती गोष्ट अभ्यासक्रमाचा गाभा आहे का, हे आधी पाहावे. "उत्क्रांतीचा पाठ मी गाळीन," किंवा "वेगळ्या धर्माच्या मुलाचा सण वर्गात निघाला तर मी तो चुकीचा आहे असे सांगेन," असे कोणी म्हणाले आणि परिणाम समजावून सांगितल्यावरही त्यावर ठाम राहिले, तर तो कामाला नकार आहे. त्याची शब्दशः नोंद करून गुण द्यावेत आणि त्यात संकोच बाळगू नये. कारण त्या वर्गातील मुलांना दुसरा शिक्षक मिळणार नसतो. मात्र वाढदिवसाला केक न कापणे, परिपाठाच्या वेळी प्रार्थनेत स्वतः सहभागी न होता शांत उभे राहणे, हस्तांदोलन न करणे, विशिष्ट दिवशी सुट्टी मागणे, दुपारी दहा मिनिटे प्रार्थनेसाठी हवी असणे, या गोष्टी कामाच्या गाभ्याला हात लावत नाहीत. त्यांची सोय बहुधा थोड्या नियोजनाने होते, आणि होत नसेल तर का होत नाही हे संस्थेने सांगायला हवे. अशा विनंत्या गुणपत्रकावर येताच कामा नयेत. निवड झाल्यानंतर, वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या माणसाने त्यांचा विचार करावा. मुलाखतीची तारीख एखाद्या धर्माच्या मोठ्या सणाच्या दिवशी पडली असेल तर ती बदलून देणे ही मेहेरबानी नव्हे.

काही बाबी मधल्या असतात आणि तिथे मताऐवजी निरीक्षण लागते. इंग्लंडमधील कर्कलीज येथील एका शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मदत करणाऱ्या साहाय्यक शिक्षिकेने चेहरा झाकण्याचा आग्रह धरला तेव्हा शाळेने तिचे पाठ चेहरा झाकलेला असताना आणि नसताना असे दोन्ही प्रकारे पाहिले. चेहरा झाकलेला असताना मुलांपर्यंत तितके पोहोचत नाही, असे त्या निरीक्षणातून निघाले. २००७ साली अपील न्यायाधिकरणाने शाळेचा निर्णय समर्थनीय ठरवला, तो अशा पुराव्याच्या आधारावर. निकाल कोणाला पटो वा न पटो, त्यातील रीत घेण्यासारखी आहे.

धार्मिक संस्थांनी चालवलेल्या प्रशिक्षण महाविद्यालयांबद्दल थोडेच सांगते, कारण तिथले नियम देशागणिक वेगळे आहेत. भारतात संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शैक्षणिक संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, तर एकोणतिसाव्या कलमानुसार सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्माच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. या दोन्हींचा मेळ घालण्यात सर्वोच्च न्यायालयाची अनेक वर्षे गेली. आयर्लंडमध्ये बहुसंख्य प्राथमिक शाळा कॅथलिक व्यवस्थापनाखाली आहेत, आणि तेथे समानतेच्या कायद्यातून धार्मिक संस्थांना मिळालेली सवलत २०१५ साली अधिक काटेकोर करण्यात आली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ साली असे ठरवले की, धार्मिक संस्थेलाही धर्माची अट घालायची असेल तर ती त्या विशिष्ट कामासाठी खरोखर आवश्यक आहे का, हे न्यायालय तपासू शकते. आपली संस्था अशी असेल तर अट माहितीपत्रकात आधी छापलेली असावी. मुलाखतीत अचानक उगवलेली अट ही अट नसून बहाणा असतो.

आकस नसलेल्या माणसांच्याही हातून दुजाभाव घडतो, याचा एक पुरावा मी नव्या सदस्यांना नेहमी देते. फ्रान्समध्ये तीन संशोधकांनी कंपन्यांना नोकरीचे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, सेनेगली आडनावही तेच, द्यूफ. एका अर्जावर ख्रिस्ती नाव होते, मारी, आणि दुसऱ्यावर मुस्लिम नाव, खदिजा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलाखतीचे बोलावणे येण्याची खदिजाची शक्यता मारीपेक्षा अडीच पटींनी कमी निघाली. हे अर्ज बाजूला ठेवणारे सगळे लोक दुष्ट असतील असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे ठरवलेले माप नव्हते, म्हणून त्यांनी मनातले माप वापरले. ठरवलेल्या मापाने निवडही अधिक चांगली होते. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा फेरआढावा घेतला, तेव्हा एकसारख्या प्रश्नांच्या आणि ठरवलेल्या गुणांकनाच्या मुलाखतीचा पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) ०.४२ निघाला, तर गप्पांच्या अंगाने होणाऱ्या मुलाखतीचा ०.१९. म्हणजे जी पद्धत न्याय्य आहे, तीच चांगले शिक्षकही निवडते, आणि असा योग फार थोड्या बाबतीत येतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की, प्रत्येक सदस्याने आपले गुण आणि उमेदवाराचे प्रत्यक्ष शब्द चर्चेपूर्वी लिहून द्यावेत. चर्चा आधी झाली तर सर्वांत ज्येष्ठ सदस्यांचे मत बाकीच्यांच्या कागदावर उतरते, हे मी कितीदा पाहिले त्याची गणती नाही. "आपल्यात बसेल", "मोकळा वाटतो", "घरंदाज वाटते", "ताठर वाटतो" असे शब्द शेऱ्यातून काढून टाकावेत आणि जो ते लिहील त्याला "कशावरून?" असे विचारावे. धर्माची नोंद आकडेवारीसाठी घेतली जात असेल तर ती समितीच्या हाती जाऊ नये. आणि समितीत उमेदवाराच्या धर्माचा एक सदस्य घेतला की काम झाले, असेही समजू नये. त्या सदस्यावर साऱ्या समाजाचा प्रतिनिधी होण्याचे ओझे पडते, आणि आपण पक्षपाती ठरू नये म्हणून तो कधीकधी आपल्याच माणसाला जास्त कडक मोजतो.

आता आपल्यापुढच्या प्रकरणाबद्दल. हा प्रश्न केवळ एकाच उमेदवाराला विचारला गेला असल्यामुळे त्यावरचे गुण कोणाशीही तुलना करण्याजोगे नाहीत. ते काढून टाकून सर्वांचे गुण पुन्हा मांडणे ही पहिली दुरुस्ती. त्याने भागणार नाही, कारण तो शेरा सर्वांनी वाचलेला आहे आणि बाकीच्या गुणांवरही त्याची छाया पडली असणार. म्हणून आपण समितीच्या अध्यक्षांना लेखी कळवावे की प्रश्न कोणता होता, तो कोणाला विचारला गेला, उत्तर काय आले आणि शेरा काय पडला. या चार गोष्टी जशा घडल्या तशा लिहाव्यात आणि सहकाऱ्यांच्या हेतूबद्दल एक अक्षरही लिहू नये. हेतूवर वाद सुरू झाला की मूळ चूक बाजूला राहते. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांच्याशी पत्र देण्यापूर्वी स्वतः बोलावे. मुलांची काळजी त्यांनाही आहे, आणि तीच काळजी प्रसंगाच्या प्रश्नातून अधिक चांगली तपासता येते हे बहुतेकांना पटते. जागा शिल्लक असेल वा नसेल, उमेदवाराची मुलाखत वेगळ्या सदस्यांसमोर पुन्हा घेण्याची शिफारस करावी आणि त्यांच्याकडे जुना शेरा जाऊ देऊ नये. उमेदवाराला फेरमुलाखतीचे कारण खरे सांगावे: मुलाखतीत सर्वांना समान प्रश्न विचारले गेले नव्हते. त्याची निवड झालीच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. कदाचित पाठ घेताना तो कमी पडेल आणि योग्य कारणाने मागे राहील. मात्र या वेळी नव्या सदस्यांनी त्याला सर्वांना विचारायचे प्रश्न विचारावेतच, शिवाय इतर उमेदवारांना जसे त्यांच्या कामाबद्दल विचारले तसे त्यालाही विचारावे की, गेली चार वर्षे तो ज्या मुलांना शिकवतो आहे ती कोण आहेत, आणि त्यांतले सर्वांत गप्प बसणारे मूल बोलके व्हावे म्हणून त्याने काय केले.